पंचवीस वर्षांची सुट्टी

कागद दोन होते. एक कृष्णात चौगलेपुढं, एक त्याच्या बायकोपुढं, क्रांतीपुढं. आणि एकमेकांचं दिसू नये म्हणून मधे समोरच्या कंपनीवाल्या राजवर्धननं पेढ्यांचं खोकं उभं करून ठेवलं होतं. "आयुष्यातली सगळ्यांत सुखाची सुट्टी कुठली, ते दोघांनी आपापलं लिहायचं. ठिकाण आणि साल, बस्स," असं राजवर्धन म्हणाला होता. कृष्णातनं विचारही न करता लिहिलं, महाबळेश्वर, १९९८, आणि पेन खाली ठेवलं. क्रांती बराच वेळ काही लिहीत नव्हती. ताराबाई पार्कातल्या हॉटेलच्या त्या थंडगार हॉलमध्ये अशी वीसेक टेबलं मांडलेली, प्रत्येकावर एक नवरा-बायको आणि समोर टाय लावलेला एकजण. मॉलमध्ये कधीतरी भरलेल्या कूपनावरून फोन आला होता, तुम्हाला तीन दिवसांच्या सहलीचं बक्षीस लागलंय, जोडीनं येऊन घेऊन जावा. तासभर माहिती ऐकायची, एवढीच अट. माहिती होती सुट्टीच्या सदस्यत्वाची : एकदा पैसे भरायचे आणि पुढची पंचवीस वर्षं, दर वर्षी सात दिवस, कंपनीच्या कुठल्याही रिसॉर्टात जाऊन राहायचं. शेवटी क्रांतीनं लिहिलं. राजवर्धननं दोन्ही कागद उचलले. पहिला वाचून "वा, सर" म्हणाला. दुसरा वाचला आणि त्याचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं. "हुपरी," तो मोठ्यानं वाचू लागला, "पुरातले नऊ दिवस." मग त्यानं कृष्णातकडं बघितलं, जणू चूक कृष्णातची होती. "मॅडम, पूर म्हणजे... एकोणीसचा महापूर?"

"व्हय," क्रांती म्हणाली.

"पण ती सुट्टी नव्हे ना."

"मग सुट्टी म्हणजे काय असतंय?"

तिनं ते खरंच विचारलं होतं. टोमणा नव्हता त्यात. राजवर्धननं घाईनं लॅपटॉप फिरवला आणि निळं पाणी, पांढऱ्या चादरी, धुक्यातली झाडं एकामागून एक सरकू लागली. कृष्णात बघत होता, मान हलवत होता, पण कान बंद झाले होते. हुपरीला त्याच्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं घर. पाच वर्षांपूर्वी पंचगंगेचं पाणी त्यांच्या कोल्हापुरातल्या भाड्याच्या तळमजल्यात शिरलं तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी, म्हाताऱ्या आईला मोटरसायकलीवर दोघांच्या मधे बसवून, त्यानं या दोघींना तिथं नेऊन पोचवलं होतं. आई, धोंडुबाई, सगळ्या वाटेत देवाचं नाव घेत होती आणि मधेच थांबून, लोणच्याची बरणी वर ठेवली का गं, असं क्रांतीला विचारत होती. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत क्रांतीची सगळी भांडी, शिलाई मशीन, लग्नातला शालू, पुण्याला शिकायला गेलेल्या मुलीच्या शाळेतल्या वह्या पाण्याखाली होत्या. परत आले तेव्हा भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ होती आणि कपाटाचं दार उघडल्यावर जो वास आला तो अजून कधी कधी, काही कारण नसताना, त्याच्या नाकात येतो. त्या नऊ दिवसांना ती सुखाची सुट्टी म्हणत होती. आणि तो तर तिथं नव्हताच. रोज सकाळी उठून तो उजळाईवाडीकडून कोल्हापूरला यायचा, मिळेल तिथवर गाडीनं, पुढं चालत, आणि दिवसभर पाण्याच्या कडेला उभा राहायचा. करण्यासारखं काही नव्हतं. नुसतं उभं राहून आपल्या घराची खिडकी किती उरलीय ते बघायचं. म्हणजे बायकोच्या आयुष्यातल्या सगळ्यांत सुखाच्या दिवसांत आपण नव्हतो, हे त्याला त्या गार हॉलमध्ये, पनीरच्या एका तुकड्यात टूथपिक खुपसताना, उमगलं. तुकडा खाली पडला. राजवर्धननं दुसरी प्लेट मागवली.

आणि महाबळेश्वर? त्यानं ते आठवायचा प्रयत्न केला. लग्नाला सहा महिने झालेले. जमीन मोजणी खात्यातले चौघे मित्र, चौघांच्या बायका, एक भाड्याची ट्रॅक्स गाडी. धुकं आठवलं. भाजलेलं मक्याचं कणीस, तिखट-लिंबू चोळलेलं. पत्त्यांचा डाव, आणि पिसताना खोलीभर उडालेले पत्ते, आणि सगळे कसे हसले होते ते. त्या हसण्यात त्यानं क्रांतीला शोधलं. ती सापडेना. मित्रांचे चेहरे ठसठशीत होते, एकाच्या वरच्या दातातली फट दिसत होती. क्रांतीची मात्र नुसती पाठ दिसली, हिरव्या साडीतली, पसरणीच्या घाटात गाडीच्या खिडकीतून बाहेर वाकलेली. तिला ओकाऱ्या होत होत्या. कुणीतरी काहीतरी चेष्टा केली होती आणि तोही हसला होता. खोलीवर बायका एकीकडं, पुरुष एकीकडं. ती दोन दिवस काय करत होती, तिला थंडी वाजत होती का, तिनं सूर्यास्त बघितला का, यातलं काहीही त्याला माहीत नव्हतं, आणि सव्वीस वर्षं तो लोकांना सांगत आला होता की आमचं महाबळेश्वर फार झकास झालं.

"सर, बोललो ते कळलं ना?" राजवर्धन म्हणाला. चार लाख सत्तर हजार. शिवाय वर्षाला देखभालीचे वेगळे. आज सही केली तर चाळीस हजार कमी. कृष्णात चोपन्न वर्षांचा होता. पंचवीस मिळवले की एकोणऐंशी. तीस वर्षं त्यानं लोकांच्या बांधावर उभं राहून हद्दी दाखवल्या होत्या. कुठून कुठपर्यंत, हे सांगणं हाच धंदा. पण आपल्यापुढच्या पंचवीस वर्षांची हद्द अशी कुणी चुना टाकून आखून दाखवली नव्हती. "दर वर्षी रोख पैसे घालून जाऊन आलं तर निम्म्यात होतंय की," तो म्हणाला, काहीतरी म्हणायचं म्हणून. राजवर्धननं लॅपटॉप मिटला. पस्तिशीचा असावा, केस मागं चापून बसवलेले, डोळ्यांखाली काळं. "होतंय," तो हळू आवाजात म्हणाला. "पण माणूस जात न्हाय, सर. मी मूळचा हातकणंगल्याचा. माझे वडील रेल्वेत होते, फुकट पास होता. उभ्या जन्मात मिरजेच्या पलीकडं गेले न्हाईत. पैसे भरलेले असले की मग माणूस जातोयच. बुडतील म्हणून तरी जातोय."

हे मात्र लागलं. कन्याकुमारीचं रिझर्वेशन तीनदा काढलेलं होतं. एकदा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, एकदा निवडणुकीची ड्यूटी, एकदा मुलीची, अदितीची, बारावी. तिन्ही वेळा क्रांतीनं भरलेली बॅग रिकामी केली होती. साड्यांच्या घड्या तशाच्या तशा कपाटात परत. कधी आदळआपट नाही, की एक शब्द नाही. त्याला वाटायचं, समजूतदार आहे. आज त्याला त्या बॅगेच्या चेनचा आवाज ऐकू आला. आणि हात नकळत पेनाकडं गेला. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती, फंडातून उचल मिळाली असती. सही केली की दर वर्षी सात दिवस ही बाई आपल्यासमोर बसेल, आपण तिच्यासमोर बसू. कुणाचं ऑपरेशन असो नाहीतर निवडणूक. हे विकत मिळत असेल तर महाग कुठं होतं?

"म्हणजे," क्रांती म्हणाली, इतका वेळ ती टेबलावरच्या काचेत स्वतःचा हात बघत होती, "नवरा-बायकोनं कुठं जायचं तर आधी दंड भरून ठेवायचा, असं व्हय?"

राजवर्धन हसला, पहिल्यांदाच खरं हसला. "तसंच समजा की."

"आन तुम्ही कुठं जाता, बायकोला घिऊन?"

"शनिवार-रविवार आम्ही हितंच असतोय, वैनी," मॅडम म्हणायचं तो विसरून गेला. "मी अजून महाबळेश्वरबी बघितलेलं न्हाय."

सोमवारपर्यंत विचार करून सांगतो म्हणून दोघं बाहेर पडली. एप्रिलचं ऊन डोळ्यांवर आदळलं. मंगळवार पेठेच्या वाटेवर क्रांती गाडीवर मागं बसली होती. सिग्नलला थांबल्यावर तिचा हात त्याच्या खांद्यावर नेहमीसारखा होता, ना घट्ट ना सैल, आणि आज त्याला त्या हाताचं वजन कळेना. पुरानंतर त्यांनी पेठेत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता, पाणी परत कधी गाठणार नाही असा. त्या दुपारी तो तिथं आडवा पडून पंखा बघत राहिला. ही सुखी होती. आपण नव्हतो आणि ही सुखी होती. तसं काही नवल नाही, असंही त्यानं स्वतःला सांगून बघितलं. आपण तरी महाबळेश्वरात कुठं तिच्यासोबत होतो? पण मन वळेना. लहानपणी एकदा त्याला गोवर आला म्हणून घरचे सगळे त्याला शेजाऱ्यांकडं ठेवून जोतिबाच्या यात्रेला गेले होते. परत आले ते गुलालानं माखून, दमून, हसत. आणि त्या हसण्यातलं काहीच त्याला कळत नव्हतं. आक्कानं त्याच्यासाठी खोबऱ्याची वाटी आणली होती. ती हातात धरून तो दारात उभा होता. चोपन्नाव्या वर्षी तो परत त्याच दारात उभा होता.

संध्याकाळी अदितीचा पुण्याहून फोन आला. "बाबा, सही केली नाही ना? माझ्या ऑफिसात एकानं घेतलंय, पाहिजे तेव्हा बुकिंगच मिळत नाही त्याला." तो हं हं म्हणत राहिला. आईला पुरातलं काय आठवतं गं, असं तिला विचारावं असं वाटलं. पण मुलीकडून बायकोबद्दल काय विचारायचं? रविवारी सकाळी क्रांती गॅलरीत मेथी निवडत बसली होती. तो चहाचा कप घेऊन समोरच्या पाटावर बसला. त्यानं एक जुडी ओढून घेतली आणि पानं खुडू लागला, तेव्हा तिनं वर बघितलं.

"देठं घालू नका त्यात."

"हुपरीचं का लिहिलंस?"

तिनं एक पिवळं पान काढून बाजूला टाकलं. मग, आज बाजारात काय महाग आहे ते सांगावं तशा आवाजात बोलू लागली. "आक्कांनी गेल्या गेल्याच सांगितलं, तू पावणी हाईस, चुलीकडं फिरकायचं न्हाय. एकवीस वर्सांत मला कोण पावणी म्हटलं नव्हतं. माहेरीबी न्हाय, तिथं वैनीला मदत करावीच लागती. लाईट नव्हती, आक्कांच्या पोराची, जोतीरामची, चांदीची सगळी मशीनं बंद. आम्ही बायका खालच्या खोलीत पैंजणाला घुंगरं जोडत बसायचो हातानं. येत नव्हतं मला, तरी बसायचं. दुपारचं झोप लागायची. दुपारी झोपल्यावर संध्याकाळी उठताना कसं वाटतंय, इसरूनच गेलेलं. आन एक दिवस आईंनी माझी वेणी घातली. आपणहून. केस लई गळायल्यात गं तुझं, म्हणल्या." तिनं बोटानं कपाळावरचे केस मागं सारले. "त्या तशा पुन्हा कधी बोलल्या न्हाईत. घरी आल्यावर परत होत्या तशाच. पण एकदा बोलल्या."

आई जाऊन तीन वर्षं झाली होती. आई क्रांतीला नीट बोलायची नाही हे त्याला माहीत होतं, पाऊस पडतो ते माहीत असावं तसं. त्यानं हातातलं देठ मोडलं.

"आन मी?"

"तुम्ही काय?"

"मी नसायचोच की तिथं."

"नसायचा कसं?" क्रांती खरंच चकित झाली. "संध्याकाळी यायचा की. गुडघ्यापर्यंत चिखल. मी पायांवर पाणी ओतायची आन तुम्ही तिथंच, दगडावर उभारूनच सुरू व्हायचा. कुणाच्या माडीवर म्हैस चढवून ठेवलीया, कुठल्या गल्लीत होडी अडकली, ते म्हातारं कोण, तुळस लावलेलं बिंदगं घेतल्याबिगर होडीत बसत नव्हतं. जेवताना बोलायचा. हात वाळला तरी बोलतच बसायचा. आपलं घर किती बुडालं ते शेवटाला सांगायचा, आधी दुसऱ्यांचं. लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्याशी एवढं कधी बोलला न्हाईसा. नंतरबी न्हाय." तिनं निवडलेली मेथी दोन्ही हातांनी गोळा केली. "मला तर वाटायचं, पाणी उतरू नये. लोकांचे संसार वाहून चाललेत आन आपण असं म्हणतोय. पाप लागंल म्हणून कुणाला सांगितलं न्हाय."

ती आत गेली. नळाखाली मेथी धुतल्याचा आवाज येत राहिला. कृष्णातला त्या संध्याकाळचं काहीच आठवत नव्हतं. म्हैस आठवत होती, होडी आठवत होती, तुळस घेऊन बसलेला म्हातारा आता लख्ख आठवला, त्याच्या बनियनचं भोकसुद्धा. पण आपण ते सांगत होतो, हे आठवेना. दिवसभर पाण्याकडं बघून बघून तो भरून जायचा आणि कुठंतरी ओतायचा, एवढंच झालं असेल. कुणीतरी ते ओंजळीत धरत होतं, हे त्याला दिसलं नव्हतं. रोज कामावरून येतो तेव्हा तो काय बोलतो? 'जेवायला वाढ.' 'फोन आलता का कुणाचा?' तीस वर्षांत त्यानं हजारो बांध मोजले, भाऊ भावाच्या अंगावर दगड घेऊन धावलेला बघितला, एका विधवा बाईनं विहिरीतला अर्धा वाटा सोडताना विहिरीला केलेला नमस्कार बघितला. घरी आल्यावर बूट काढताना ते सगळं बुटांबरोबर बाहेरच राहायचं.

सोमवारी राजवर्धनचा फोन आला तेव्हा तो ऑफिसच्या जिन्यात होता. नको म्हणून सांगताना त्याला उगीच वाईट वाटलं. "काही हरकत न्हाय, सर," राजवर्धन म्हणाला आणि घुटमळला. "तुमचे कागद वर पाठवावे लागत्यात. वैनींचं हुपरी सिस्टीमनं घेतलं न्हाय. यादीतलंच ठिकाण लागतंय. मी गोवा घातलंय. चालंल न्हवं?" कृष्णात हसला, मग हसू थांबलं. "घाला," तो म्हणाला. त्याच दिवशी त्यानं पाच दिवसांच्या रजेचा अर्ज दिला आणि घरी येऊन म्हणाला, "गुरुवारी हुपरीला जाऊ. नुसतं राहायला." क्रांतीनं त्याच्याकडं बघितलं आणि बॅग काढली.

गेली दोघं, पण पुरातल्यासारखं झालं नाही. होणार नव्हतंच. आक्का आता सत्तरीला आलेली, गुडघ्यांना पट्टे बांधून खाटेवर. पोत्यानं घुंगरं पडायची ती खालची खोली जोतीरामनं भाड्यानं दिली होती. त्याचं काम आता गावाबाहेरच्या शेडमध्ये मशीनवर चालायचं, आणि त्याची बायको वर्षाराणी दिवसभर तिथंच पॅकिंगला. "तू पावणी हाईस गं," असं आक्का खाटेवरून म्हणाली; पण म्हणून काय, सात माणसांच्या भाकरी कोण थापणार? पहिल्याच दिवशी दुपारी क्रांतीनं पदर खोचला. कृष्णात आक्काजवळ टीव्हीसमोर बसला. आक्का मालिकेतल्या सासूला शिव्या देत होती, आणि दोन जाहिरातींच्या मधे, आई असती तर, असं म्हणून डोळे पुसत होती. आतून भाकरी थापल्याचे आवाज येत होते, एकासारखे एक. आपण हिला कुठून आणून कुठं बसवलं, असं त्याला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं पायरीवर बसली. रस्त्यावरून दुधाची गाडी गेली. तो काहीतरी बोलायला म्हणून वळला आणि त्याच्याजवळ बोलण्यासारखं काही नव्हतं. दिवसभर त्यानं टीव्ही बघितला होता, तोच तिनं आतून ऐकला होता. "उद्या जाऊया का परत?" क्रांती म्हणाली. रागानं नाही. कंटाळून म्हणावं तसंही नाही. तिच्या हातांना भांडी घासायच्या राखेचा वास होता. तो म्हणाला, "परवा जाऊ."

तिसऱ्या दिवशी दुपारचा चहा झाल्यावर त्यानं चपला घातल्या. आक्कानं विचारलं, कुठं? तो म्हणाला, जरा जाऊन येतो. उन्हं कलली होती. तो मुद्दाम बघत चालला. तीस वर्षं त्यानं जमीनच बघितली होती, खुणेचे दगड, बाभळी, सरी. आता माणसं बघायची म्हणून निघाला तर आधी काही दिसेचना. दुकानांच्या पाट्या नुसत्या. बस स्टँडजवळच्या एका चांदीच्या दुकानापाशी एक म्हातारा-म्हातारी भांडताना दिसली, कानडी मुलखातली, धड मराठी न येणारी. नातीच्या बारशाला पैंजण घ्यायला आलेली. पायाच्या घोट्याचं माप म्हणून म्हाताऱ्यानं एक दोरा आणला होता, गाठ मारलेला, आणि तो दोरा बसमध्ये कुठंतरी पडला. म्हातारी अंगठा आणि बोट जुळवून, एवढं, म्हणत होती. म्हातारा तिचं बोट धरून ते फाकवत होता, एवढं नव्हे, एवढं. दुकानदार कपाळाला हात लावून बसलेला. कृष्णात तिथं उभा राहिला. पुढं सरकला. दारातल्या बाकावर बसला. अर्धा तास गेला की पाऊण, त्याला कळलं नाही. तिथून उठला तो भरभर, जवळजवळ पळतच निघाला. म्हाताऱ्याचे शब्द, म्हातारीच्या नाकातली नथ, बोट कसं फाकवलं ते, वाटेत सांडायला नको म्हणून.

क्रांती चुलीपुढं होती. परातीत पीठ, हात मनगटापर्यंत पांढरे. तो तसाच चपला घालून आत आला, उंबऱ्यावर बसला. "अगं, स्टँडवर आज काय झालं," तो म्हणाला आणि त्याला दम लागला होता म्हणून थांबला. तिनं वर बघितलं. त्यानं म्हाताऱ्यापासून सुरुवात केली, मग ते चुकलं म्हणून परत दोऱ्यापासून केली. आपल्याला नीट सांगता येत नाही, हे त्याला बोलता बोलता कळत होतं; सवय नव्हती. म्हातारीचं बोट दाखवायला त्यानं आपला हात पुढं केला. क्रांतीच्या हातातली भाकरी परातीतच राहिली.

"आन मग?" ती म्हणाली. "घावलं का पोरीचं माप?"

"सांगतो की," कृष्णात म्हणाला, आणि उंबऱ्यावर जरा आत सरकून बसला.